गिटारची मान

स्वस्तातल्या गिटारची मान सांध्यातून सुटली, की दुकानदार सांगतो, "काका, नवीनच घ्या." मजुरी किमतीच्या वर जाते, त्याचंही खरंच. पण ही नातीने शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेली. तिने गाणंच सोडलं होतं.

सहा पोलादी तारांचा ताण मिळून साधारण ७० किलो! म्हणून आधी तारा उतरवल्या. सांध्यातला जुना गोंद पार खरवडला. त्यावर नवा धरत नाही. मग फेव्हिकॉल लावला, फळ्यावरच्या रेघांची माझी जुनी पट्टी ठेवून मान सरळ केली, क्लॅम्प आवळला आणि २४ तास कुणाला हात लावू दिला नाही.

तारा मात्र हळूहळू चढवल्या. एकदम ताणायचं नसतं, हे ३५ वर्षं मुलांना शिकवताना कळलंच होतं.

आता रोज रात्री अकरापर्यंत वाजवते. झोपमोड होते, पण चालायचंच!