मॅच केलं, पण जिंकलं कोण?

खिशात दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर ठेवून बॉसच्या केबिनमध्ये कधी गेला आहात? गेला असाल तर तो फील तुम्हाला माहीत असणार. तळहाताला घाम, चेहऱ्यावर उसनं हसू आणि डोक्यात एकच टेप चालू : बोलू का नको? मी गेलोय. आणि खरं सांगतो, ती आयडिया मला दिली होती आइस हॉकीने!

हसू नका. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाला हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्लै, एवढंच माहीत. तीही मैदानावरची हॉकी. बर्फावर स्केट्स घालून, काचेवर एकमेकांना आपटत खेळतात तो प्रकार मी २०११ मध्ये पहिल्यांदा पाहिला. कंपनीने आम्हा दोघांना ऑनसाइट पाठवलं होतं, अमेरिकेतल्या नॅशव्हिलला. दोघं म्हणजे मी आणि माझा रूममेट. एकाच बॅचचे, एकाच दिवशी जॉइन झालेले. ट्रेनिंगमध्ये शेजारी, प्रोजेक्टमध्ये शेजारी आणि आता एकाच वन-बेडरूम अपार्टमेंटमध्ये. वरण-भाताचा कुकर त्याचा, भांडी माझी.

नॅशव्हिल हे कंट्री म्युझिकचं गाव. ब्रॉडवेवर दारादारांतून गिटार ऐकू येते आणि त्याच रस्त्यावर प्रेडेटर्स या हॉकी टीमचं स्टेडियम आहे. आमच्या शेजारच्या क्यूबिकलमधले एक अमेरिकन काका पक्के फॅन. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा मॅचला नेलं. तिथे प्रेक्षक आनंदाच्या भरात बर्फावर चक्क कॅटफिश फेकतात! आमच्या रूममेटला मासे जाम प्रिय. तो म्हणाला, ‘‘अरे, हे काय, रस्सा झाला असता की याचा!’’ त्या दिवसापासून आम्ही फॅन झालो.

त्या टीमचा जीव होता दोन डिफेन्समनमध्ये. शे वेबर आणि रायन सूटर. सहा नंबर आणि वीस नंबर. डिफेन्समन म्हणजे गोल वाचवणाऱ्याच्या पुढची भिंत. ही माणसं नेहमी जोडीने उतरतात. वेबर कॅप्टन. अंगापिंडाने दांडगा, त्याचा फटका अडवायला धाडस लागायचं. सूटर शांत, डोक्याने खेळणारा, कधीही जागा न सोडणारा. दोघांनाही टीमने २००३ च्या एकाच ड्राफ्टमध्ये घेतलेलं. ड्राफ्ट म्हणजे आपलं कॅम्पस प्लेसमेंटच हो, फक्त इथे मुलं कंपनी निवडत नाहीत, कंपन्या मुलं निवडतात.

एकाच बॅचचे दोन शेजारी! मग काय, रूममेट स्वतःला सूटर म्हणवून घ्यायला लागला आणि मी अर्थातच वेबर.

२०१२ च्या एप्रिलमध्ये प्रेडेटर्सनी प्लेऑफमध्ये डेट्रॉइटला हरवलं, पुढच्या फेरीत फिनिक्सकडून हरले आणि सीझन संपला. मला वाटलं, चला, आता ऑक्टोबरपर्यंत सुट्टी. काका म्हणाले, ‘‘छे, खरा खेळ आता सुरू होतोय.’’

त्यांचं खरं होतं. आइस हॉकीचा ऑफसीझन म्हणजे अप्रेझलचा महिना. २००५ पासून या लीगमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे प्रत्येक टीमच्या पगाराच्या बजेटला वरची मर्यादा. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होणार. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, हे सगळं उन्हाळ्यात ठरतं. शिवाय खेळाडू दोन प्रकारचे. ज्यांचा बॉन्ड संपलाय ते १ जुलैला पूर्ण मोकळे, कुठेही जाऊ शकतात. ज्यांचा संपलेला नाही, त्यांना दुसऱ्या टीमने ऑफर दिली तर जुन्या टीमला सात दिवस मिळतात. तेवढीच ऑफर देऊन ठेवून घ्या, नाहीतर भरपाई म्हणून ड्राफ्टमधल्या निवडी घ्या आणि विसरून जा.

आणि गंमत बघा. बॉन्ड सुटायचा तो सात सीझन पूर्ण झाल्यावर किंवा वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. सूटरचा वाढदिवस जानेवारीतला, वेबरचा ऑगस्टमधला. त्यामुळे त्या जुलैत सूटर मोकळा आणि वेबर अजून अडकलेला! ऑफिसात जॉइनिंग डेटच्या चार दिवसांनी इन्क्रिमेंट हुकलेल्या सगळ्यांना हे दुःख कळेल.

४ जुलै २०१२. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आम्ही नदीकाठी आतषबाजी बघायला गेलो होतो. त्याच दिवशी बातमी आली होती, सूटर चालला! मिनेसोटा वाइल्ड या टीमने त्याला १३ वर्षांसाठी ९ कोटी ८० लाख डॉलर दिले होते. नॅशव्हिलला बदल्यात काय? शून्य. काका फोनवर जवळजवळ रडत होते. ‘‘नऊ वर्षं सांभाळलं आम्ही त्याला,’’ असं काहीसं म्हणत होते. सूटर शेजारच्या विस्कॉन्सिनचा आणि त्याची सासुरवाडी मिनेसोटाची. घराजवळ जायचं होतं त्याला. पण आम्ही कसले ऐकतोय! आमच्यासाठी तो सरळसरळ पैशासाठी गेला होता.

पुढच्याच आठवड्यात आमच्या रूममेटने पेपर टाकले.

मला मेलवरून कळलं. मॅनेजरच्या मेलवरून! एकाच हॉलमध्ये गाद्या टाकून झोपणाऱ्या माणसाने मला तोंडाने सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘घरी जायचंय रे.’’ मग कळलं की पुण्यात दुसरी कंपनी जॉइन करतोय, पॅकेजही चांगलं आहे. मी म्हटलं, ‘‘वा! घरी जायचंय म्हणे. पॅकेज बघून जायचंय असं म्हण की.’’ तो काही बोलला नाही. कुकर मात्र इथेच ठेवून गेला. एअरपोर्टवर सोडायला मी गेलो नाही. कॉल आहे म्हणून सांगितलं. कॉल नव्हता.

इकडे टीममध्ये माझी किंमत एकदम वाढली. दोघांपैकी एक गेल्यावर क्लायंटचं सगळं काम माझ्या डोक्यात! आणि तिकडे हॉकीत नेमका तोच पिक्चर सुरू झाला. फिलाडेल्फिया फ्लायर्सनी वेबरसमोर ऑफर ठेवली : १४ वर्षं, ११ कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने सहाशे कोटींच्या घरात! वर चलाखी अशी की पैसे सुरुवातीलाच जास्त. पहिली चार वर्षं दरवर्षी १ कोटी ४० लाख, त्यातले १ कोटी ३० लाख जॉइनिंग बोनससारखे एकरकमी. नॅशव्हिल छोट्या बाजारपेठेचं गाव, एवढी रोकड त्यांना झेपणार नाही, हा हिशेब. नाही झेपलं तर भरपाई होती पहिल्या फेरीच्या चार ड्राफ्ट निवडी.

वेबरने त्या ऑफरवर सही केली होती, हे महत्त्वाचं. कॅप्टन जायला तयार होता. आणि का नसावा? आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, टीमचं आणि त्याचं पगारावर जमलं नाही म्हणून प्रकरण लवादाकडे गेलं होतं. लवादाने एका वर्षाचे ७५ लाख डॉलर ठरवले. तोवरचा विक्रम. पण लवाद म्हणजे काय, माहितीये? तुमचीच टीम तुमच्यासमोर बसून तुम्ही एवढ्या पैशांच्या लायकीचे का नाही, ते समजावून सांगते. आपल्या अप्रेझलमध्ये किमान कॉफी तरी विचारतात!

सात दिवस सगळं गाव श्वास रोखून बसलं होतं. मीही. कारण त्याच आठवड्यात माझ्या खिशातही एक ऑफर लेटर आलं होतं. २४ जुलैला नॅशव्हिलचे जनरल मॅनेजर डेव्हिड पॉइल यांनी जाहीर केलं, मॅच करतोय! ऑफिसात काकांनी डोनट वाटले. दोन दिवसांनी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि लेटर टेबलावर ठेवलं. त्यांनीही मॅच केलं. तीन वर्षं ज्या इन्क्रिमेंटसाठी ‘बजेट नाही’ ऐकलं होतं, ते चाळीस मिनिटांत मंजूर झालं.

मी खूश! जिंकल्यासारखं वाटलं. रात्री घरी आलो, वरण-भाताचा कुकर लावला आणि लक्षात आलं, आता सांगायचं कोणाला?

सूटर पुढच्या मोसमात नॅशव्हिलला खेळायला आला तेव्हा त्याची हुर्यो उडवणाऱ्यांत मीही होतो. आता लाज वाटते. आपण नेमके कोणावर ओरडत होतो, हे मला तेव्हाही थोडं थोडं कळत होतं.

त्याच्या जागेचं काय झालं? रोमन योसी नावाचा एक स्विस पोरगा होता, २००८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेला. सूटर गेला म्हणून त्याला वेबरच्या शेजारी जागा मिळाली. २०१३ मध्ये त्याला ७ वर्षांसाठी २ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, म्हणजे वर्षाला फक्त ४० लाख. २०१७ मध्ये तो कॅप्टन झाला आणि २०२० मध्ये त्याने सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी जिंकली. वेबर आणि सूटर दोघंही या ट्रॉफीच्या दारापर्यंत जाऊन दुसऱ्या नंबरवर राहिले होते! आमच्याकडेही रूममेटची खुर्ची एका फ्रेशरला मिळाली. मी त्याला सहा महिने नीट काही शिकवलंसुद्धा नाही. रागाने. आज तो माझ्यापेक्षा वरच्या पोस्टवर आहे, आणि बरोबर आहे.

आणि वेबर? २९ जून २०१६. ज्याच्यासाठी टीमने अकरा कोटी मॅच केले, त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकलं. बदल्यात पी. के. सुबान. एकास एक. सुबानच्या करारात ‘परवानगीशिवाय हलवता येणार नाही’ हे कलम १ जुलैपासून लागू होणार होतं. म्हणजे दोन दिवस आधी सौदा उरकला. काका दिवसभर गप्प होते. मॅच करणं म्हणजे सांभाळणं नाही, हे त्या दिवशी कळलं. त्या दिवशी तुमच्याशिवाय भागत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

माझीही पाळी त्याच उन्हाळ्यात आली. प्रोजेक्टचं काम दुसरीकडे हलवायचं ठरलं. पंधरा मिनिटांचा कॉल. ‘थँक यू फॉर युवर कॉन्ट्रिब्यूशन.’ मला राग कंपनीचा आलाच नाही. त्यांनी जे केलं ते त्यांचं काम होतं. मला आठवण आली ती चार वर्षांपूर्वी न केलेल्या एका एअरपोर्टवारीची.

रात्री फोन लावला. पुण्यात सकाळ होती. तो पहिलं वाक्य बोलला, ‘‘काय वेबर, ट्रेड झालास ना?’’ च्यायला, तो अजून फॉलो करत होता! मग बोलता बोलता सगळं निघालं. २०१२ मध्ये त्याच्या बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीन वेळा. आई एकटी. पॅकेज मागितलं होतं ते त्यासाठीच. बाबा २०१४ मध्ये गेले.

‘‘मला सांगायचंस ना,’’ मी म्हटलं.

‘‘सांगितलं असतं तर तू थांब म्हणाला असतास. आणि मी थांबलो असतो.’’

यावर काय बोलणार? मी गप्प. तोही गप्प. शेवटी त्यानेच विचारलं, ‘‘माझा कुकर आहे का अजून?’’

हॉकीतला पुढचा हिशेब सांगतो, कारण मी तो बरीच वर्षं मांडत बसलो होतो. वेबरला दिल्यावर पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, नॅशव्हिल पहिल्यांदा स्टॅन्ली कपच्या फायनलला पोचलं आणि हरलं. २०२१ मध्ये वेबर मॉन्ट्रियलकडून फायनल खेळला आणि हरला. ती त्याची शेवटची मॅच. दुखापतींनी शरीर संपलं होतं, पण करार २०२६ पर्यंतचा! मग तो नुसता कागद टीमांमध्ये फिरत राहिला. आधी व्हेगस, मग ॲरिझोना. तिथे तो एकही मॅच खेळला नाही. आणि सूटरला मिनेसोटाने २०२१ मध्ये, करार अर्धाअधिक झाला असताना, उरलेल्या पैशांचा काही भाग देऊन मोकळं केलं. थांबलेला बरोबर की गेलेला? सांगा बघू. मला तरी उत्तर सापडलेलं नाही.

एवढं मात्र झालं. २०२४ मध्ये वेबरला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याच वर्षी, त्याच तुकडीत डेव्हिड पॉइलही होते. ज्याने लवादात भाव केला, मॅच केलं आणि मग विकूनही टाकलं, तो मॅनेजर आणि तो खेळाडू एकाच सोहळ्यात! ती बातमी मी पुण्यातूनच रूममेटला फॉरवर्ड केली. हो, मीही परत आलोय.

पुढच्या वेळी शेजारच्या डेस्कवरच्या कोणी पेपर टाकले ना, तर पॅकेज नंतर विचारा. आधी एअरपोर्टवर सोडायला जा. कॉल असला तरी.

आणि कुकर? तो मी सामानात घालून आणला. रूममेटच्या बायकोने शिटी बदलून घेतली. परवा त्यांच्याकडे त्यातलाच वरण-भात जेवलो. भांडी अर्थातच मी घासली.