कागदावरचे विमान फोमबोर्डावर

विमानाच्या प्रतिकृतीचा छापील नकाशा फोमबोर्डावर उतरवणे हे कापणीच्या आधीचे काम, आणि उड्डाणाचे बरेचसे भवितव्य तेथेच ठरते. एकदा वाकडा कापला गेलेला पंख पुढे कितीही चांगली मोटर लावली तरी सरळ होत नाही. डोंबिवली पूर्वेच्या मानपाडा भागात हा छंद जोपासणाऱ्याच्या हाताखालून नकाशा शाळकरी वयापासून पन्नाशीपर्यंत निरनिराळ्या रूपांत जातो. कागद बदलतो, पत्रा बदलतो. रेघ खरी ठेवण्याची खटपट मात्र तीच राहते.

पहिली ओळख बहुधा चौकटींची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्या मुलाला चौकटी पाडून चित्र मोठे करणे येत असतेच. मासिकातले वीतभर विमान त्याच रीतीने कार्डशीटवर मोठे होते. १९३५ साली सुरू झालेल्या ‘एरोमॉडेलर’ या ब्रिटिश मासिकाने पूर्ण मापाच्या नकाशांची सवय जगभरच्या छंदिष्टांना लावली. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवले जाते. बाल्सा लाकडाच्या त्या विमानांत नकाशा टेबलावर पसरून, वर पारदर्शक कागद ठेवून, काड्या थेट रेघांवरच जोडल्या जात. नकाशा जागचा हलत नसे. फक्त पंखाच्या फासळ्या कार्बन पेपरने लाकडावर घ्याव्या लागत. फोमबोर्डाच्या विमानात सांगाडा जवळपास नसतोच. पत्रा हेच अंग, त्यामुळे प्रत्येक रेघ नकाशावरून उचलून पत्र्यावर न्यावी लागते.

या दोहोंच्या मधला टप्पा थर्माकोलचा. ठाणे-डोंबिवलीत गणपतीच्या मखरांनी कित्येक हातांना कापणी शिकवली. पुठ्ठ्याचा फर्मा थर्माकोलवर टाचण्यांनी बसवायचा आणि तापलेली नायक्रोमची तार त्याच्या कडेने फिरवायची, हे तंत्र विमानाच्या पंखाला जसेच्या तसे चालते. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. पर्यावरणासाठी ती योग्यच होती. मखरांतले हे कसब मात्र नोंद न होताच ओसरू लागले, याची खंत वाटते.

आता नकाशा पीडीएफच्या रूपात येतो. अमेरिकेतील ओहायोच्या ‘फ्लाइट टेस्ट’ या गटाने फोमबोर्डाच्या विमानांचे नकाशे विनामूल्य खुले केले, आणि ते मानपाडा रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातही छापून मिळू लागले. प्लॉटरवर ए-शून्य आकाराचा, म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटरचा, एकच कागद काढणे सर्वांत चांगले. तेच क्षेत्रफळ ए-फोरच्या १६ पानांत भरते, आणि प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी पंखाची कड लहरते. पाने जोडायचीच असतील तर कडेला कड न भिडवता नकाशावरच्या जुळणीच्या खुणा एकमेकींवर आणाव्यात. पावसाळ्यात कागद दमट हवा शोषून फुगतो, तोही आडव्या आणि उभ्या दिशेने सारखा नाही. म्हणून छपाई, जोडणी आणि उतरवणी एकाच दिवशी उरकलेली बरी.

छापताना ‘फिट टू पेज’ बंद आणि माप शंभर टक्के हवे. नकाशा ३ टक्क्यांनी आकसला तर मीटरभर पंख ९७० मिलिमीटरचा होतो. तेवढ्याने विमान उडायचे थांबत नाही. खरी अडचण खाचांची येते: ५ मिलिमीटरची खाच ४.८५ ची होते, पण पत्र्याची जाडी ५ च राहते आणि भाग एकमेकांत बसत नाहीत. नकाशावर मापाची पट्टी असते, ती स्टीलच्या पट्टीने मोजल्याशिवाय ब्लेड उचलू नये.

पत्रा घेतानाही सावध राहावे लागते. दुकानात फोमबोर्ड मागितला की पुष्कळदा सनबोर्ड हाती येतो. तो पीव्हीसीचा, पाट्या बनवणाऱ्यांच्या उपयोगाचा आणि विमानासाठी फारच जड. हवा असतो तो दोन कागदांमध्ये पॉलिस्टायरीनचा फोम असलेला, ५ मिलिमीटरचा हलका पत्रा.

उतरवण्याच्या रीती अनेक आहेत. कार्बन पेपर चालतो, पण बॉलपेनच्या दाबाने मऊ फोम खचतो. खरे तर तो वळच रेघेसारखा दिसतो, कार्बनची गरजही उरत नाही. लेझर छपाईचा कागद उलटा ठेवून इस्त्री फिरवण्याची युक्ती सांगितली जाते. ती टाळावी, कारण पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडते. द्रावकवाला रबरी गोंद उघड्या फोमला खातो, आणि पाण्याचा गोंद कागदाला सुरकुत्या पाडतो. ग्लू स्टिकचे थोडे ठिपके देऊन नकाशा तात्पुरता चिकटवणे आणि त्याच्यावरूनच कापणे ही सोपी वाट. मात्र त्यात नकाशा एकाच विमानापुरता उरतो.

सर्वांत भरवशाची रीत टाचणीची. भरतकामाचा छापा काढणारे बटर पेपरला सुईने भोके पाडतात, तशीच ही. कोपऱ्यांवर एकेक आणि वळणांवर सेंटिमीटरभर अंतराने टाचणी टोचायची, नकाशा उचलायचा आणि ठिपके पट्टीने किंवा फ्रेंच कर्व्हने जोडायचे. टाचणी उभीच हवी. या रीतीत एक धोका लपलेला असतो: नकाशावर आरपार कापायची रेघ आणि अर्धीच कापून दुमडायची रेघ वेगळ्या दाखवलेल्या असतात, टाचणीच्या भोकांत तो भेद पुसला जातो. म्हणून ठिपके जोडताना दोन रंगांची पेने घ्यावीत. बिजागरीची रेघ आरपार गेली तर शेपटीचा हलता भाग सुटून हातात येतो.

उजवा आणि डावा पंख नकाशावर दोन्ही छापलेले असले, तरी एकच अर्धा पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचा फर्मा कापावा आणि तोच उलटून दुसऱ्या बाजूला वापरावा. दोन्ही पंखांत सारखी चूक असेल तर विमान ती सोसते. वेगवेगळ्या चुका असतील तर ते एका अंगावर कलते. याला अपवाद धडावरच्या पंखाच्या बैठकीचा. २०० मिलिमीटर रुंदीच्या पंखाची पुढची कड १ मिलिमीटर वर सरकली तर कोन सुमारे ०.३ अंशाने बदलतो, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा बदलल्याने काही सावरले जात नाही. ही रेघ दोनदा तपासावी.

कापणीला नवे ब्लेड लावावे. पहिल्या फेरीत वरचा कागद, दुसरीत फोम, तिसरीत खालचा कागद. बोथट ब्लेड फोम ओरबाडते. पुठ्ठ्याचे फर्मे सपाट, दमटपणापासून दूर ठेवावेत आणि प्रत्येकावर विमानाचे नाव, पत्र्याची जाडी व मध्यरेषा लिहावी. कल्याण-शिळ रस्त्यालगतच्या भातखाचरांच्या जागी इमारती आल्यापासून विमान उतरवायला मोकळी जागा मिळणे अवघड झाले आहे, आणि आपटले की त्याचे नाक सर्वांत आधी मोडते. फर्मा हाताशी असला की तेवढेच नाक नव्याने कापून जुन्या धडाला जोडता येते.