कारात्सेव्हबद्दल विचारलंस म्हणून

चि. निहार,


तुझा निरोप ऐकला. तुमच्याकडे जर्मनीत हालेला टेनिस बघायला गेलास, तिथे कुणाकडून तरी कळलं की कारात्सेव्ह एके काळी याच गावात सराव करायचा, आणि तुला आत्या आठवली. "त्याच्यात एवढं काय आहे? तो तर पहिल्या शंभरातही नाही," असं विचारलंस. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या निरोपातलं निम्मं इंग्रजी ऐकून माझा मूड गेला होता. म्हणून लिहितेय. मराठीत आहे, सावकाश वाच.

अस्लान कारात्सेव्ह मूळचा रशियातल्या ओसेशियाचा. १९९३ साली कॉकेशसच्या पायथ्याशी व्लादिकाव्काझला जन्मला. तीन वर्षांचा असताना घरचे इस्रायलला गेले, कारण आईच्या माहेरी ज्यू रक्त होतं. टेनिस तो तेल अवीवच्या बाजूला जाफाला शिकला. बारा वर्षांचा झाल्यावर वडील त्याला घेऊन रशियाला परतले आणि आई न् बहीण तिकडेच राहिल्या. बाराव्या वर्षी, निहार! त्या वयात तू डब्यात दोडक्याची भाजी दिली म्हणून दोन दिवस अबोला धरला होतास.

पुढे टागानरोग, मॉस्को, तुमचं हाले, मग बार्सेलोना. तिथे गुडघा दुखावला. शेवटी मिन्स्कमध्ये येगोर यात्सिक हा प्रशिक्षक भेटला आणि गाडी जरा रुळावर आली. इतकी गावं फिरूनही त्याचं हिब्रू सुटलेलं नाही. इस्रायलवरून आठवलं, आपल्या अलिबाग-पेणकडून तिकडे गेलेल्या बेने इस्रायली लोकांपैकी कित्येकांच्या घरी अजून मराठी बोलतात. आणि तू बीलेफेल्डला जाऊन दोनच वर्षं झालीत तर "आत्या, आय मीन" म्हणतोस. असो.

खालच्या क्रमांकाचा खेळाडू कसा जगतो ते तुला ठाऊक नसणार, कारण तुम्ही फक्त फायनल बघता. दोनशे, अडीचशे क्रमांकाच्या माणसाला मोठ्या स्पर्धेत थेट जागा नसते. ग्रँडस्लॅममध्ये पात्रता फेरीत १२८ जण असतात, तीन सामने जिंकले की त्यातले १६ मुख्य स्पर्धेत जातात. बाकीचे बॅग भरतात. एरवी वर्षभर चॅलेंजर स्पर्धा, लहान गावं, रिकाम्या खुर्च्या. विमानाचं तिकीट, रॅकेटची तार, प्रशिक्षकाचा पगार, सगळं स्वतःच्या खिशातून. पहिल्या फेरीत हरलं तर तो आठवडा तोट्यात. कारात्सेव्ह सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत असंच खेळत होता. २०२० मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा तो अडीचशेच्या आसपास होता. लॉकडाउन उठल्यावर प्राग आणि ओस्ट्रावाच्या चॅलेंजर स्पर्धा जिंकला, तेव्हा कुठे वर सरकला.

मग २०२१ चं ऑस्ट्रेलियन ओपन. करोनामुळे पुरुषांची पात्रता फेरी मेलबर्नला न होता दोहाला झाली. तो ११४ वा होता. ग्रँडस्लॅमच्या मुख्य स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला आणि थेट उपांत्य फेरीत गेला. १९६८ पासूनच्या खुल्या टेनिसमध्ये कुठल्याही पुरुषाला पदार्पणात हे जमलं नव्हतं. आठव्या मानांकित श्वार्ट्झमनला त्याने सरळ सेटमध्ये हरवलं. ऑजे-आलियासिमविरुद्ध दोन सेट मागे पडला, दुसरा तर १-६, आणि तिथून सामना काढला. त्या दिवशी मी कुकरची शिट्टी काढून ठेवली होती, आवाज नको म्हणून. पुढे दिमित्रोव्हलाही हरवलं, मग जोकोविचने त्याला रोखलं. साडेआठ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, त्याआधीच्या सगळ्या वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त. त्याच वर्षी दुबई जिंकला, बेलग्रेडला जोकोविचला त्याच्याच गावात पाडलं, टोकियोला वेस्निनाबरोबर मिश्र दुहेरीत ऑलिंपिक रौप्य मिळवलं.

आणि बालेवाडीला आला! २०२२ मध्ये तो पुण्याच्या स्पर्धेत अव्वल मानांकित होता आणि लवकरच हरला, तरी पुढच्याच सोमवारी १४ वा झाला. त्याच्या वर तो कधी गेला नाही. २०२३ च्या जानेवारीत पुन्हा आला तेव्हा मी गेले, गुडघ्याला पट्टा बांधून, रिक्षावाल्याशी भांडून. उपांत्य फेरीत तो ग्रीकस्पूरकडून हरला, आणि स्पर्धाही ग्रीकस्पूरनेच जिंकली. सामन्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो त्याचा चेहरा. पॉइंट जिंकला काय, गेला काय, सारखाच. टॉवेलकडे चालत जायचा आणि चालत परत यायचा. घरी येऊन टीव्ही लावला तर इतरांच्या नावापुढे झेंडे, याच्या नावापुढे काहीच नाही. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन खेळाडूंचे झेंडे काढले होते. युद्ध वाईटच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इतके देश फिरलेल्या पोराच्या नावापुढची ती मोकळी जागा मला बघवेना.

त्याच वर्षी माद्रिदला पात्रता फेरीतून येऊन त्याने मेदवेदेवला हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे समोर कोण, तर पात्रता फेरीत त्यानेच हरवलेला श्ट्रुफ! पराभूतांतून नशिबाने परत घेतलेला. आणि श्ट्रुफ जिंकला. मग पुन्हा दुखापत, आणि क्रमांक पुन्हा शेकड्यांत.

आता तो मला का आवडतो, त्याचं खरं कारण. तुझा बाबा राज्य पातळीवर खेळायचा, हे तुला माहीत आहे, पण तेवढंच. साल आठवत नाही, बहुतेक त्याच्या बीएस्सीच्या आधी असेल. मी डबा घेऊन एसटीने त्याच्याबरोबर कोल्हापूरला गेले होते. तो सामना तो जिंकत आला होता आणि रॅकेटची तार तुटली. दुसरी रॅकेट नव्हती. कुणाकडून तरी मागून आणली, ती जड होती. हरला. परत येताना कराडपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग बँकेची परीक्षा दिली, बाविसाव्या वर्षी रॅकेट माळ्यावर टाकली आणि आम्ही सगळे म्हणालो, बरं झालं. तुझं शिक्षण त्या पगारावर झालं, त्यामुळे चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत खेळत राहिलेला माणूस दिसला की मला झोप येत नाही, एवढं खरं.

तिकडे थंडीत कानाला बांधत जा. भाजणीचं पीठ पाठवलंय, फ्रिजमध्ये ठेव. आणि या रविवारी बाबाला फोन कर, पगार-व्हिसा सोडून कोल्हापूरच्या त्या मॅचचं विचार. मराठीत विचार. तो आधी उडवून लावेल, तू फोन ठेवू नकोस.

तुझी,
सुमाआत्या