चोकची मूठ तापते म्हणजे काय?

चि. मंदार यास,


तुझं पत्र काकानं दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चहा गार झाला. तीन पानं तू सेल्फच्या नावानं खडे फोडलेस, नव्या सेल्फची किंमत लिहिलीस, आणि शेवटी जाता जाता एक ओळ: सेल्फ मारताना चोकची मूठ गरम लागते. अरे गाढवा, पत्राची सुरुवात तिथून करायची!

1954 ची मॉरिस मायनर ती. तिचं 803 सीसीचं इंजिन रबरावर बसलेलं. सेल्फमधला करंट बॅटरीकडे परतायचा तर अर्थिंगच्या पट्टीतूनच. पट्टी गंजली की तो दुसरी वाट धरतो, आणि चोकची बारीक केबल फुकट भाजून निघते. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असेल आणि जोडात ओहमचा शंभरावा हिस्सा अडथळा असेल, तर दीड व्होल्ट तिथेच खलास. बारातले दीड! मग सेल्फ कण्हणार नाही तर काय गाणार?

आधी बारीकसारीक जोड तपासायचं काकाचं हे वेड दादा हसण्यावारी न्यायचा. पण विहिरीवरचा पंप आठव. मोटर दोनदा भरून आणली, आणि निघालं काय, तर स्टार्टरच्या पेटीतला ढिला स्क्रू. माणसाला आळ घ्यायला मोठी वस्तूच लागते.

असो. हेडलाइट लावून सेल्फची मूठ ओढ. दिवे मंदावले तर बॅटरी, जोड किंवा अडकलेलं पिनियन. दिवे तसेच लख्ख आणि सेल्फ गप्प, तर स्विच किंवा झिजलेले कार्बन. नुसता घरघरला, इंजिन फिरलंच नाही, तर पिनियन सरकवणारा बेंडिक्स चिकटलाय. तो रॉकेलनं धुवायचा, तेल लावायचं नाही, तेलावर धूळ बसते. हातोडीनं ठोकल्यावर एकदा चालला म्हणतोस. अडकलेला कार्बन तेवढ्यापुरता सुटला असेल. औषध नव्हे ते.

एवढं करून बुश झिजलेले आणि आर्मेचर घासलेलं निघालं, तर खुशाल बदल. दोन बोल्ट आहेत. पण आधी बॅटरीची अर्थिंगची तार काढ, आणि या गाडीत प्लस बॉडीला आहे हे विसरू नकोस. फ्लायव्हीलची रिंगही पूर्ण फिरवून बघ. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा दोनच जागी थांबतं, त्यामुळे दात तिथेच खाल्ले जातात. खाल्लेल्या दातांवर नवं पिनियन किती दिवस टिकणार?

आणि हँडल मारतोस असं लिहिलंयस, ते मात्र काकूला वाचून दाखवलं नाही. खंबाटकीत इंजिन उलटं फिरलं तेव्हा दादाचं मनगट कसं झालं होतं, तू पाहिलंयस. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे त्यालाही ठाऊक होतं. घाई झाली, एवढंच.

रविवारी पहिल्या एसटीनं काका येतोय. पट्टी त्यानंतर काढू.

तुझा,
काका

ता. क. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावलास का? त्यांच्या गाडीत मायनस बॉडीला असणार. प्लसला प्लस जोडून दोन्ही बंपर टेकले असते तर थेट शॉर्ट! लगेच फोन कर.