काटकसर

मुरगूडला गेलों म्हणजे संध्याकाळीं सर पिराजीराव तलावाच्या बांधावर घटकाभर बसावें, हा माझा जुना परिपाठ आहे. गांवाला पाणी ही केवढी दौलत आहे, हें तेथें कोणी न सांगतां कळतें. यंदा बसलों असतां एक जुना हिशेब आठवला. पंचवीस वर्षें झालीं, तरी तो मिटलेला नाहीं.

नोकरीच्या गांवीं आमच्या आळींत नळाला पाणी येई. पण केव्हां, याचा नेम नसे. आई तेव्हां माझ्याकडे होती. पहाटे साडेतीनला ती उठे, रिकाम्या घागरीजवळ पाट मांडून बसे आणि नळाचा पहिला सुस्कारा ऐकूं येईपर्यंत जपमाळ ओढी. कधीं चार वाजत, कधीं सहा. त्याच सुमारास पाणीपट्टी वाढविण्याचा ठराव पुढें आला. ठरल्या वेळीं पाणी सोडावयाचें तर आणखी एक पंप आणि एक माणूस हवा होता. आम्हां सुशिक्षितांनीं विरोधाची सभा भरविली. मी काटकसरीवर भाषण केलें, टाळ्या मिळाल्या आणि ठराव बारगळला. घरीं येऊन मोठ्या अभिमानानें मी आईला सांगितलें, "पट्टीवाढ टळली. पैसे वांचले." ती एवढेंच म्हणाली, "बरें झालें, बाबा. मला काय, मी उठतेंच आहें."

त्यांत उपरोध नव्हता. असता तर मला इतका लागला नसता.

काटकसर कशास म्हणावी, हें पुण्यास पूर्वींच एका सभासदानें दाखविलें होतें. 1880 सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्चण्याचें नगरपालिकेनें योजिलें, तेव्हां जोतीराव फुल्यांनीं विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असें त्यांचें म्हणणें होतें. तिजोरी मिटून बसा, असें कांहीं ते म्हणाले नाहींत. उलट बर्मिंगहॅमला जोसेफ चेंबरलेन यांनीं 1873 ते 1876 या आपल्या नगराध्यक्षपदाच्या काळांत ग्यासच्या आणि पाण्याच्या खासगी कंपन्या नगरासाठीं विकत घेवविल्या. खर्च प्रचंड होता. पण पाण्यावर नफा काढूं नये, लोकांचें आरोग्य हाच त्याचा नफा, अशी त्यांची दृष्टि होती. एकानें खर्च अडविला, दुसऱ्यानें वाढविला. दोघांचा प्रश्न मात्र एकच होता: या पैशानें कोणाच्या पदरांत काय पडणार?

माझ्या भाषणांत तो प्रश्नच नव्हता.

महाराष्ट्रांत 2015 सालच्या लोकसेवा हक्क अधिनियमानें निरनिराळे दाखले, नळजोडणी अशा कामांस मुदत बांधून दिली, हा मोठाच लाभ झाला. पण जोडणी मिळाल्यावर नळापाशीं बसून गेलेले तास कोणत्या खातेवहींत मांडावयाचे? आम्ही वांचविलेले रुपये कागदावर दिसत होते. त्यांची किंमत दुसरेंच कोणी रोज पहाटे भरीत होतें, आणि त्याची पावती फाडली जात नव्हती.

आई जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. कोठें पट्टीवाढीची चर्चा निघाली कीं मी आतां भाषण करीत नाहीं. नळाला पाणी किती वाजतां येतें, एवढेंच आधीं विचारतों. आणि तें घरांतल्या बायकांना विचारतों.