चाड्यावरची मूठ

खंडेनवमीला आमच्या जवळा बाजारात लोखंडाला मोठा मान असतो. विळे, खुरपी, कुऱ्हाडी धुऊन-पुसून ओळीने मांडतात. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा चढतात, सायकलीच्या हँडललाही एखादे फूल मिळते. हळद तर आमच्या हिंगोली जिल्ह्याचीच. तिचे बोट लावण्यात कुणी हात आखडता घेत नाही. पण या साऱ्या सोहळ्यात एका गरिबाच्या वाट्याला काहीच येत नाही. ती म्हणजे साखळी. लोक तिला चेन म्हणतात. सायकलीची चेन, आणि तिची थोरली बहीण, पेरणी यंत्राची चेन. दोघीही काळ्या आणि तेलकट. हळदकुंकू लावायला जावे तर आपलेच बोट काळे होऊन परत येते. मग पूजा करणारा शहाणा माणूस तिला वगळून पुढे सरकतो.

माणसे साखळीविषयी एक समज बाळगून असतात. ती तुटेपर्यंत चांगली, आणि तुटली की वाईट. आमच्या शाळेच्या वाटेवर सायकली दुरुस्त करणारा एक मिस्त्री बसतो. त्याचे मत निराळे. तो म्हणतो, "गुरुजी, तुटणारी चेन इमानदार. तुटली की माणूस खाली उतरतो, बघतो. झिजलेली चेन बेइमान. चालल्यासारखी दिसते अन् वेळेला घसरते."

झिजते म्हणजे काय होते, हे त्यानेच मला दाखवले. चेन लांबते असे आपण म्हणतो. पण लोखंडाची पट्टी काही रबरासारखी ताणली जात नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती फिरते ते एक नळकांडे. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा चिखल तिथे शिरतो आणि वाळून कुरुंदाच्या दगडासारखे काम करतो. पिन केसाएवढी झिजते. एका सांध्यातली ती झीज डोळ्यांना दिसायची नाही. पण सायकलीच्या चेनीत असे शंभरावर सांधे! सायकलीच्या नव्या चेनीत पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर. म्हणजे २४ सांध्यांना १२ इंच. तिथे पट्टी लावली आणि १२ इंचांवर एक सूत जास्त भरले, की मिस्त्री मान हलवतो. त्या चेनीचे दिवस भरलेले असतात. तशीच वापरली तर ती चाकाचे दातेही आपल्याबरोबर खाते. दाते आकड्यासारखे वाकडे होतात, आणि मग त्यांच्यावर नवी चेन चढवली तरी तीही घसरू लागते.

हान्स रेनॉल्ड नावाच्या, मूळच्या स्वित्झर्लंडच्या कारागिराने १८८० साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर येथे या घडणीच्या साखळीचे पेटंट घेतले. पुढे तीच सायकलीला लागली आणि साऱ्या जगात फिरली. बर्फाच्या मुलखात अंगणातला बर्फ उडवायची यंत्रे असतात, त्यांतल्या कित्येकांची चाके अशाच साखळीने फिरतात. तिथला गृहस्थ पहिला बर्फ पडण्याआधीच ती उघडून पाहतो. एकदा दार बर्फाने बंद झाले, की साखळी बघायला सवड कुठली? आपल्याकडे बर्फ नाही. पण हिवाळ्याच्या तोंडाशी तशीच एक निकड आहे. ती म्हणजे रब्बीची पेरणी.

पूर्वी पेरणी तिफणीने होई. तिफणीवर लाकडी चाडे, चाड्याला भोके, भोकांतून खाली फणापर्यंत गेलेल्या नळ्या. घरातली जाणती बाई किंवा म्हातारा चाड्यावर मूठ धरी आणि मुठीतून बी मोजून सुटे. आता ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्रात ती मूठ गेली. जमिनीवरून धावणारे एक चाक आणि बियाण्याच्या पेटीखालचा दांडा यांना जोडणारी चेन आली. चाक फिरले की चेन दांडा फिरवते, दांडा फिरला की बी नळ्यांत पडते. चाड्यावरची मूठ आता चेनीची आहे.

ती मूठ थांबली तर काय होते, ते मी काही वर्षांपूर्वी पाहिले. आमच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याने सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरला. ट्रॅक्टर सरळ गेला, तासे सुरेख पडली, भाडेही दिले गेले. दहा दिवसांनी रान उगवले ते पट्ट्यापट्ट्याने. मधले पट्टे काळेभोर! शेतकरी आधी बियाण्याच्या दुकानदारावर चिडला, मग पाखरांवर. मी त्या दिवशी आखाड्यावर गेलो होतो. त्याची म्हातारी आई धुऱ्यावर उभी होती. तिने आयुष्यभर चाड्यावर मूठ धरलेली. ती म्हणाली, "पाखरं काय फूटपट्टी घेऊन बसतेत का रे? पट्टा बघ, सगळीकडं सारखाच."

मग ती एका काळ्या पट्ट्यात बसली आणि तास बोटांनी उकरू लागली. हातभर उकरले, दोन हात उकरले. एक दाणा सापडला नाही. कुजलेला नाही, किड्याने खाल्लेला नाही, टरफलसुद्धा नाही.

"इथं मूठ थांबलीया, बाबा," ती म्हणाली.

"माय, यंत्राला कुठली मूठ?" तो म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

यंत्र पाहिले, तेव्हा चेन ढिली पडून लोंबत होती. ढेकूळ आले की ती दात्यांवरून उडी मारी. तेवढा वेळ दांडा स्तब्ध आणि तासे मात्र पडत राहिली. ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला कळावे? म्हातारीची मूठ रिकामी झाली असती तर तिला त्याच क्षणी कळले असते. तोवर जमिनीतली ओल उडून गेली होती. नांग्या भरायच्या तर पाणी हवे, आणि त्या रानाला विहीर नव्हती. ते पट्टे काढणीपर्यंत तसेच उघडे राहिले.

म्हणून ज्यांची पेरणी अजून व्हायची आहे, त्यांच्यासाठी मिस्त्रीची रीत इथे लिहून ठेवतो. चेन काढून ब्रशाने डिझेलमध्ये धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. मग चेन फिरवीत प्रत्येक सांध्यावर यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. तेल आत मुरले की वरचे चिंधीने पुसून टाकावे. वर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते. घरातले करडीचे तेल मुळीच घालू नये. ते हवेने चिकट होऊन शेवटी रोगणासारखे वाळते. चेनीचे लॉक चढवताना त्याचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला असावे. शेवटी पेरणी यंत्राचे चाक उचलून हाताने फिरवावे आणि प्रत्येक नळीखाली हात धरून बी पडते का ते पाहावे. पेरणी चालू असतानाही एखाद्याने मागे चालत नळ्यांकडे लक्ष ठेवावे. त्या शेतकऱ्याच्या घरी हे काम आता म्हातारीनेच मागून घेतले आहे.

या कामाला एक दुपार पुरते. फराळाचे डबे उघडे असतात, शाळेला सुटी असते, मुले रिकामी असतात. त्यांना ब्रश द्यावा. हात काळे होतील, लाडवाला काळी बोटे लागतील, घरची गृहिणी रागावेल. तेवढे सोसावे. मुलांच्या शाळेच्या सायकलीही त्याच वेळी आडव्या पाडून घ्याव्यात. भाऊबीजेनंतर पहाटेच्या थंडीत त्यांनाही दूर जायचे असते.