हातातली ओळ

हिवाळा लागला की आमच्या आईच्या हाती लोकर येई. वसईची थंडी ती काय! परंतु १९८९ साली आम्ही पुण्यास सेमिनरीत शिकत होतो आणि तेथील पहाटेचा गारठा तिला घरी बसून बोचत असे. नाताळापूर्वी स्वेटर पुरा व्हायचा होता.

निवांत बसून विणायला तिला सवड कुठली? चुलीवर भात शिजेपर्यंत चार ओळी, रात्री जपमाळ झाल्यावर दोन. मध्येच कोणी दारात येई, वडिलांच्या औषधाची वेळ होई. मग सुया गुंड्यात खोचल्या जात. दोन सुलट, दोन उलट अशा विणीत मोजणी चुकली की सारे बिघडते. म्हणून हातातली ओळ पुरी करूनच ती उठे.

त्या स्वेटरच्या उजव्या बाहीवर एके ठिकाणी टाके फार आवळले गेले आहेत. दुखणे बळावले त्या रात्री वडिलांच्या उशाशी बसून ते घातलेले. वडील त्यातून उठले नाहीत. स्वेटर मात्र नाताळाला आमच्या हाती आला. तेवढा भाग उसवणे अवघड नव्हते. आईने तो तसाच राहू दिला.

येशूचा अंगरखा बिनशिवणीचा, सलग विणलेला होता, अशी नोंद योहानाच्या शुभवर्तमानात (१९:२३) आहे. आईचे काम शंभरदा थांबले, तरी वीण कोठे तुटली नाही.

आज आम्ही प्रार्थनेस बसावे आणि कोणी दार ठोठवावे, की मन चिडते. मग ती बाही आठवते. स्तोत्रातील हातातली ओळ पुरी करतो आणि दार उघडायला उठतो.